चार वाजेपर्यंतचे व्याही

बस आगारात उद्या कोणता ड्रायव्हर कोणत्या फेरीला जाणार, हे सव्वीस वर्षं आखपट्टीने रेघा मारून ज्यांनी ठरवलं, त्यांना सगळे तक्तेमास्तर म्हणत. माणूस इतका नेटका, की चहाचा कपसुद्धा टेबलाच्या कडेशी काटकोनात ठेवणार. अशा माणसापुढे एक दिवस कॉम्प्युटर आला आणि त्यात ऑफिसचं सगळं बिऱ्हाड: पत्रं लिहायची सोय वेगळी, तक्त्यांची वेगळी, टपालाची वेगळी. महिनाभर वापरून बघायचं ठरलं. शेवटच्या दिवशी साहेबांनी सांगितलं, दोन्ही आगारांचा मिळून एकच तक्ता चारपर्यंत द्या. नाही जमलं तर खुर्ची दुसऱ्याला आणि तुम्ही हरवलेल्या छत्र्यांच्या खोलीत.

आता या तक्त्याची गंमत अशी, की दोघं दोन ठिकाणी बसून एकाच वेळी त्यात लिहितात, आणि दुसरा कुठल्या चौकोनात आहे तेही रंगीत दिसतं. दुसऱ्या आगारातून लिहिणारे कोण? तर मास्तरांचे व्याही. लेक त्यांच्या घरी दिलेली. झालं!

व्याही पहिल्या चौकोनात दिसले तसे मास्तर हात मागे घेऊन बसले. तिकडे व्याह्यांनाही मास्तर दिसले, तेही अदबीने खालच्या ओळीत सरकले. त्यात पहाटे पाचची फेरी म्हणजे ड्रायव्हरांच्या अगदी जिवावर येणारी. ती व्याह्यांच्या माणसाला कशी द्यायची, म्हणून मास्तरांनी तिथे आपला माणूस घातला. व्याह्यांनी शेजारी त्यांचा घातला. मास्तरांनी आणखी दोन, त्यांनी तीन, मास्तरांनी चार. साडेतीनला पाहावं तर पाचच्या एका बसला अकरा ड्रायव्हर आणि दुपारच्या आरामाच्या फेऱ्या वाऱ्यावर. एवढे ड्रायव्हर बसल्यावर उतारूंनी काय टपावर जायचं?

मास्तरांच्या डोळ्यांपुढे मोडक्या छत्र्या नाचू लागल्या. त्यांनी घाम पुसून फोन उचलला.

"व्याहीबुवा, रागावू नका. पण चार वाजेपर्यंत मी तुमचा व्याही नाही."

पलीकडून सुटकेचा सुस्कारा आला. "बरं झालं बोललात. आता तुमचा तो डुलक्या घेणारा माझ्या शेवटच्या फेरीतून काढा आधी."

मग जी जुंपली म्हणता! दोघांनी एकमेकांच्या ड्रायव्हरांची सात पिढ्यांची उणीदुणी काढली, चौकोनाचौकोनासाठी हमरीतुमरीवर आले, आणि तीन छप्पनला तक्ता साहेबांपुढे. साहेबांनी वरून खाली, खालून वर पाहिलं. सॉफ्टवेअर ठेवू म्हणाले, आणि मास्तरांनाही.

मास्तर खुर्चीत टेकले नाहीत तोच फोन वाजला.

"चार वाजून गेले," व्याही म्हणाले. "काय म्हणते प्रकृती? विहीणबाई बऱ्या आहेत ना?"