स्वतःच्या इंजिनवर

जुनी गाडी खोलून पुन्हा जोडली की डब्यात चार नट-बोल्ट उरतातच. कुठले, ते कुणी सांगू शकत नाही. गाडीचं त्यांच्यावाचून अडत नाही, पण टाकवतही नाहीत. माझ्या गॅरेजमधल्या किश्श्यांचं तसंच झालंय. डबा भरला. आज ओततो.

आधी माणसं सांगतो. कॅनडातल्या रेजिनात माझं घर आहे, घराला लागून गॅरेज. मी कोल्हापूरचा, सातवीत शाळा सोडलेला. इथे शेतीच्या यंत्रांच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर म्हणून लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. दर शनिवारी माझ्याकडे दोघे येतात. डॉक्टर जोगळेकर, भूल देणारे. आणि इंगळे सर, युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवणारे. तेही दोघे आता रिटायर. मला मिस्त्री म्हणतात. चहा द्यायला आणि चुका काढायला माझी बायको, सुशीला.

गाडी अमेरिकन आहे. दोन दारं, लांब नाक, आठ सिलिंडरचं इंजिन. असल्या गाडीला इथे मसल कार म्हणतात. कंपनीचं नाव लिहीत नाही. फुकटची जाहिरात कशाला करू?

मी नवीन आलो तेव्हा आमच्या फोरमनकडे हेच मॉडेल होतं. एकदा मी बॉनेटवर नुसता हात ठेवला. तो आतून ओरडला, "हँड्स ऑफ!"

हात काढला. डोक्यातून गाडी काढली नाही.

* * *

ही मला सापडली रेजिनाबाहेर एका फार्मवर, धान्याच्या पडक्या शेडमध्ये. चाकं मातीत रुतलेली आणि आत उंदरांचं राज्य. फार्मवाल्याने आधीच सांगून टाकलं, "इट डझन्ट रन."

मी म्हणालो, "आय ऑल्सो डोन्ट रन. स्टिल आय अ‍ॅम हिअर."

टो-ट्रकवर टाकून घरी आणली. दारात सुशीला भाकरीचा तुकडा घेऊन उभी.

"थांबा! अशी आत घ्यायची नाही. किती वर्षं कुठल्या अंधारात पडली होती, कुणास ठाऊक."

तिने गाडीवरून तुकडा ओवाळला आणि लांब फेकला. टो-ट्रकवाला बघतच राहिला. "इज दॅट फॉर द कार, मॅम?"

"फर्स्ट फॉर कार. नाऊ फॉर यू," असं म्हणून सुशीलाने त्याच्या हातात उरलेली भाकरी आणि ठेचा ठेवला.

त्याने सगळा ठेचा एका घासात खाल्ला. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. बागेच्या नळीला तोंड लावून पाणी प्यायला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, पुट दॅट ग्रीन स्टफ इन द टँक. शी विल स्टार्ट!"

* * *

आमचा नितीन टोरोंटोला बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो. त्याला गाडीचा फोटो पाठवला. फोटो मिळताच त्याचा फोन आला.

"बाबा, बी रीझनेबल. तुमचं वय काय? विंटरमध्ये स्नो कोण शोव्हल करणार? घर विका आणि इकडे या. आमचं बेसमेंट रिकामंच आहे."

"बेसमेंटमध्ये राहायला मी काय बटाटा आहे?"

"सेपरेट वॉशरूम आहे, बाबा!"

"मग बटाट्यांना दे."

तो चिडला. म्हणाला, "दॅट कार विल नेव्हर मूव्ह. अँड यू नो इट."

मला कुणी 'नेव्हर' म्हटलेलं चालत नाही. मी म्हणालो, "दसऱ्यापर्यंत ती स्वतःच्या इंजिनवर गॅरेजबाहेर येईल. नाही आली तर घर विकायला काढ."

त्याने लगेच शब्द पकडला. मग, "प्रॉमिस? आणि बाहेर आली तर मी परत हा टॉपिक काढणार नाही. बट ऑन इट्स ओन पॉवर. नो पुशिंग!"

"नो पुशिंग."

फोन ठेवला तर मागे सुशीला उभी. "घर माझंपण आहे. मला विचारलंत?"

"विचारतो. तुला बेसमेंट हवं का?"

ती आत गेली आणि माझा जुना कामाचा शर्ट आणून दिला.

* * *

इंजिनाला मी हात लावू दिला नाही. आधी ब्रेक, हा माझा नियम. वर्कशॉपमध्येसुद्धा तोच होता.

डॉक्टर वैतागले. "मिस्त्री, ती अजून चालत नाही. थांबवायची एवढी काय घाई?"

"चालायला लागल्यावर शिकवायला वेळ मिळत नाही, डॉक्टर."

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली चाकापाशी स्क्रू ढिला करायचा. सरांना आत बसवलं, डॉक्टर खाली. मी पाना आणायला बेसमेंटमध्ये गेलो.

परत येऊन बघतो तर तेलाचा एक थेंब आलेला नाही. खालून डॉक्टरांचा आवाज येतोय, "घ्या... धरून ठेवा... सोडा." सवय! जन्मभर पेशंटला तेच सांगितलं.

आणि वर सर छाती फुगवून श्वास घेतायत, धरून ठेवतायत, सोडतायत. पाय पेडलवर नाहीच!

"सर, करताय काय?"

"डॉक्टर सांगतात तसं. खरं सांगू मिस्त्री? फार बरं वाटतंय."

* * *

संशोधन सरांकडे होतं. बॉडीच्या पट्टीवरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर त्यांनी ताडून पाहिला आणि वाईट बातमी द्यायला यावं तसे आले. बसलेसुद्धा नाहीत.

"मिस्त्री, इंजिन हिचं नाही."

फार्मवाल्याला फोन केला. त्याने सहज सांगितलं. मूळ इंजिन त्याच्या बापाने पळवून पळवून जाळलं. मग धान्याच्या ट्रकचं काढून बसवलं!

सर खचले. डॉक्टर म्हणाले, "मग हिला ओरिजिनल म्हणता येणार नाही."

मी म्हणालो, "डॉक्टर, तुमच्या हृदयाची झडप कुणाची?"

"डुकराची," सर हळूच म्हणाले.

"आणि माझे दात? गुडघा? या खोलीत ओरिजिनल कोण आहे ते हात वर करा."

चहा घेऊन आलेल्या सुशीलाने ट्रे खाली ठेवला आणि हात वर केला.

इंजिन तेच ठेवलं. पण सरांनी एक हट्ट धरला. सायलेन्सरवर कंपनीचा शिक्का होता, निदान तो तरी मूळचाच राहू दे म्हणाले. राहू दिला. पुढे त्याने काय केलं ते सांगतो.

* * *

टोरोंटोच्या एका गाड्या जमवणाऱ्याला बातमी लागली. व्हिडिओ कॉलवर आला. आमचं गॅरेज बघायला सूट घालून.

"नंबर्स मॅचिंग?"

"नो."

त्याचा चेहरा उतरला. मी फोन गाडीच्या आत फिरवला. मागची सीट उंदरांनी खाल्ली होती, तिथे सुशीलाने इरकल साडीची गोधडी शिवून ताणून बसवली होती.

"व्हॉट फॅब्रिक इज दॅट? इज दॅट फ्रॉम द फॅक्टरी?"

"येस."

"विच फॅक्टरी?"

मी फोन किचनच्या दाराकडे वळवला. "दॅट वन. नाऊ मेकिंग टी."

तरी म्हणाला, मी विकत घेतो, टो करून नेतो. मी सांगितलं, ही टो होऊन एकदाच आली. जाताना स्वतः जाईल. आणि जायचं की नाही, ते मी ठरवीन.

* * *

गणपतीत आरतीला एक नवीन जोडपं आलं. पुण्याचं, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, रेजिनात पहिलीच थंडी बघायची होती. त्यातल्या नवऱ्याला गॅरेज दाखवलं. त्याने गाडीला एक चक्कर मारली. पुढच्या जाळीतून वायर आणि प्लग लोंबत होता. रेजिनात असतोच. थंडीत इंजिन गरम ठेवायला रात्री गाडीचा प्लग भिंतीत लावावा लागतो, नाहीतर सकाळी दगड.

त्याला काय माहीत! प्लग हातात घेऊन आदराने म्हणाला, "वॉव काका. त्या काळातली इलेक्ट्रिक?"

डॉक्टर तोंड दाबून बाहेर पळाले. मी म्हणालो, "हो. फुल चार्ज केली की जानेवारीतून एप्रिलमध्ये जाते."

त्याने मान डोलावली. पुढे जानेवारी लागल्यावर त्याचा फोन आला. "काका, आत्ता कळलं."

* * *

दसरा जवळ आला तरी इंजिन सुरू होईना. स्टार्टर फिरायचा, एक खोकला यायचा आणि संपलं. पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत होती. डॉक्टर आणि सर दोघांनीही सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. मी डॉक्टरांवर उखडलो.

"जन्मभर तुम्ही लोकांना झोपवलं. तुमचा हात लागला, आता ही उठत नाही!"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, माझा एकही पेशंट टेबलावर राहिला नाही. सगळे उठले. काही जण उशिरा उठले, एवढंच."

त्यांचं ते बोलणं मी विसरलो नाही. मी बोललो ते मागे घेतलं नाही. चहा मात्र त्यांना आधी दिला.

* * *

दसऱ्याच्या सकाळी नितीन विमानाने आला. सोबत घरं विकणारी इथलीच एक एजंट बाई. काळा कोट, हातात 'फॉर सेल'ची पाटी. बारीक बर्फ भुरभुरत होता.

"पाटी आधीच आणलीस?" मी विचारलं.

"जस्ट टू सेव्ह टाइम, बाबा."

सुशीलाने गाडीला हार घातला, कुंकू लावलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. पिवळी, ग्रोसरीतली. हिरवी मिळाली नाहीत. "चालतील," ती म्हणाली, "आपण कुठे राहतो ते देवाला माहीत आहे."

गाडीचं तोंड आतल्या बाजूला, म्हणजे उलटीच बाहेर काढायची होती. बाईने पाटी ड्राइव्ह-वेवर आडवी ठेवली आणि हातोडी काढायला तिच्या गाडीकडे वळली. मी आत बसलो. किल्ली फिरवली.

खोकला. बंद.

पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. सर जमिनीकडे बघत होते. सुशीलाने डोळे मिटले होते, हातात निरांजन.

नितीन खिडकीपाशी आला. आवाज मऊ. "बाबा, इट्स ओके. यू ट्राइड."

अख्ख्या कॅनडात मला कुणी एवढं वाईट बोललं नव्हतं. फोरमनसुद्धा नाही.

"नितीन, बाजूला हो. लॉनवर जा. सगळे लॉनवर जा!"

ते गेले. मी अ‍ॅक्सिलरेटर तळाला नेला आणि किल्ली फिरवून तशीच धरून ठेवली.

धडाम!

मागून बंदुकीसारखा बार निघाला आणि सायलेन्सरमधून गहू उडाला. मूठभर नाही, पसाभर नाही, पोत्याने! उंदरांनी वर्षानुवर्षं ठासून भरलेला, त्यानेच इंजिनाचा श्वास कोंडला होता. ड्राइव्ह-वेवर गहू, बर्फावर गहू, एजंट बाईच्या काळ्या कोटावर गहू.

"अक्षता पडल्या!" सुशीला ओरडली.

आणि त्यामागून इंजिन. धान्याच्या ट्रकचं. सगळी गल्ली थरथरली. मी रिव्हर्स टाकला. फट, फट, लिंबं फुटली. गाडी स्वतःच्या इंजिनवर गॅरेजबाहेर आली, उन्हात नाही, बर्फात, पण आली.

मग एक आवाज आला, तो लिंबाचा नव्हता. कडाड.

थांबलो, उतरलो. 'फॉर सेल'चे दोन तुकडे झाले होते. 'फॉर' एका चाकाखाली, 'सेल' गव्हात.

नितीन धावत आला. "बाबा! व्हाय डिडन्ट यू ब्रेक?"

"तुझी अट गाडी बाहेर काढायची होती. थांबवायची नव्हती."

तो पाटीकडे बघत राहिला. मग गाडीकडे. मग त्याने बॉनेटवर हात ठेवला, कुंकवाच्या शेजारी. मी ठेवू दिला.

एजंट बाई कोट झटकत गेली. सुशीला सगळ्यांना आपट्याची पानं म्हणून मेपलची वाळलेली पानं देत होती. डॉक्टर माझ्या कानाशी आले.

"मिस्त्री, एक विचारू? ब्रेक तर आपण सगळ्यात आधी केले होते ना?"

मी म्हणालो, "डॉक्टर, चहा गार होतोय."