जीपचा नवा फ्यूज बॉक्स

आई गेल्यावर सातव्या दिवशी घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि आठव्या दिवशी मी ऑफिसला गेले. रजा शिल्लक होती. पण घरी बसून काय करायचं ते कळत नव्हतं, आणि ऑफिसात काय करायचं ते समोर लिहिलेलं असायचं. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, त्यांना नंबर द्यायचे, यादी अमेरिकेला पाठवायची. त्या आठवड्यात मला नेहमीपेक्षा जास्त चुका सापडल्या. मॅनेजर म्हणाला, "ग्रेट जॉब." मी थँक्यू म्हटलं.

नातेवाईक म्हणत, पोरगी धीराची आहे. तसं काही नव्हतं. दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिलं की गाल दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो, तसं मला सगळ्या अंगभर झालं होतं.

तिसऱ्या रविवारी मी बाबांना म्हटलं, "जीप विकून टाकू या."

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. "विकू. पण अशी नाही."

बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. ही जीप मूळची खात्याची. कालव्यांच्या कडेने, धरणांच्या कॅम्पवर, गुडघाभर चिखलात ती त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं फिरली होती. खात्याने लिलावात काढली तेव्हा बाबांनीच घेतली. "सरकारला नको झाली ती आपल्याला कशाला?" असं आई म्हणाली होती. पुढे आम्ही वारज्याच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा हीच आई पुढच्या सीटवर, मांडीवर बुद्धाची मूर्ती घेऊन, ऐटीत बसली होती.

जीपमध्ये खोड एकच, तिचा फ्यूज बॉक्स. डॅशबोर्डखाली बेकेलाइटची एक काळी डबी आणि तिच्यात काचेच्या नळीचे चार फ्यूज. सगळी गाडी त्या चारांवर. इंजिनाला पेट्रोल पोचवणारा इलेक्ट्रिक पंपसुद्धा त्यातल्याच एकावर. पंपाचा फ्यूज रुसला की जरा पुढे जाऊन इंजिन गप्प. मग बाबा खाली वाकत, फ्यूज काढून रुमालाने पुसत, गोल फिरवून पुन्हा बसवत. काही वेळाने गाडी सुरू होई. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

आईच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मी घरूनच काम करत होते. अँब्युलन्सला फोन लावला, तर अर्धा तास लागेल म्हणाले. बाबा म्हणाले, जीप काढतो. मी आईला घेऊन मागे बसले. वारज्याच्या पुलाचा चढ अर्धा चढलो आणि इंजिन बंद पडलं.

"झालंच, दोन मिनिटं," बाबा म्हणाले आणि डॅशबोर्डखाली वाकले.

मला तेव्हाच खाली उतरून रिक्षा थांबवता आली असती. शेजारून जात होत्या, रिकाम्यासुद्धा. पण माझा मोबाइल वाजला. ऑफिसचा फोन होता. संध्याकाळी काहीतरी पाठवायचं होतं आणि ते उघडत नव्हतं. मी बोलत राहिले. आई भिंतीसारखी सरळ बसली होती, कपाळावर घाम. तिने माझ्या मनगटाला हात लावला आणि काहीतरी म्हणाली. मी बोट वर करून एक मिनिट थांब अशी खूण केली.

दहा मिनिटांनी जीप सुरू झाली. आई आयसीयूत चार दिवस होती. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटांनी फरक पडला नसता.

बाबा "अशी नाही" म्हणाले त्याचा अर्थ मला त्यांनी कागद काढला तेव्हा कळला. जुनी डबी काढून नव्या गाड्यांसारखा मोठा फ्यूज बॉक्स बसवायचा. पेट्रोल पंपाला, हॉर्नला, वायपरला, प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज. नोकरीत कालव्यांचे नकाशे काढत तितक्याच निगुतीने त्यांनी वायरिंगचा नकाशा काढला होता.

पुढच्या शनिवारी सकाळी ते माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि आम्ही नारायण पेठेतल्या एका दुकानात गेलो. गाड्यांच्या इलेक्ट्रिक सामानाचं बोळकंडीएवढं दुकान. मालक साठीचे, चष्मा कपाळावर.

"कुठल्या गाडीला?"

बाबांनी सांगितलं.

"मग फ्यूज बॉक्स कशाला बदलताय? गाडी बदला."

बाबा हसले नाहीत. त्यांनी नकाशा काउंटरवर पसरला. मालकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, बराच वेळ पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला. "काम चोख आहे तुमचं. फक्त पंपाला, हॉर्नला, दिव्यांना रिले लावा, म्हणजे त्यांचा करंट बटणातून न जाता बॅटरीतून थेट जाईल. आणि पंपाचा फ्यूज हाताला लगेच लागेल असा ठेवा. अहो, उद्या कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर रस्त्यात काय करत बसणार?"

"आली होती," बाबा म्हणाले.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरवरचे रंगीत फ्यूज पाहत होते. लाल, निळे, पिवळे, दोन चपट्या पायांचे. मालक उठले. आतून चार रिले आणले, आपल्या बॅटरीला एकेक लावून दाखवला. प्रत्येक वेळी टक् असा आवाज आला. एकाचा आवाज त्यांना आवडला नाही, तो त्यांनी बाजूला ठेवून दुसरा आणला.

काम तीन रविवार चाललं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबा डॅशबोर्डखाली उताणे पडत, पाय बाहेर, आणि मी बॉनेटपाशी, वायरीत करंट आला की लागणारा टेस्ट लॅम्प घेऊन उभी. जुन्या वायरींचे रंग उडून सगळ्या सारख्याच तपकिरी झाल्या होत्या. कुठली कुठे जाते ते एकेक करून शोधावं लागे.

"लागला?"

"नाही."

"आता?"

"लागला."

मग मी वायरीला चिकटपट्टी लावून नंबर घालायचे आणि वहीत लिहायचे. ऑफिसातल्यासारखंच. आम्ही दोघं आई गेल्यापासून एवढं बोललो नव्हतो.

दुसऱ्या रविवारी बाबांनी जुनी डबी सोडवली आणि बाहेर आले. जीपच्या पायरीवर बसून त्यांनी ती उलटी केली. मागच्या बाजूला पितळी पट्ट्या रिव्हेटने बसवलेल्या होत्या. पंपाच्या फ्यूजमागचा रिव्हेट सैल होता आणि त्याच्या भोवतीचं बेकेलाइट भाजून ठिसूळ झालं होतं. बाबांनी नख लावलं तर त्याचा भुगा पडला.

"दोष इथे होता," ते म्हणाले. "तापला की सुटायचा. गार झाला की आपोआप लागायचा. मी पुढून पुसत बसायचो, त्याचा काही संबंधच नव्हता." बोटांवरचा भुगा झटकत म्हणाले, "नुसतं थांबलो असतो तरी तेवढाच वेळ लागला असता. त्यापेक्षा रिक्षा करायला हवी होती."

आता काहीतरी बोललं पाहिजे, एवढं मला समजत होतं. मी म्हटलं, "बाबा, मी फोनवर होते."

"माहितेय. ऐकू येत होतं."

"काय?"

"'नो प्रॉब्लेम' म्हणत होतीस. दोन-तीनदा." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी चुका नोंदवते तसा सरळ होता. मग त्यांनी विचारलं, "ती काही म्हणाली का गं? मी खाली वाकलेलो. मला वाटलं, काहीतरी म्हणाली."

"म्हणाली. मला ऐकू आलं नाही."

बाबांनी मान हलवली. वरच्या मजल्यावर कुणीतरी गाद्या झटकत होतं. मला रडू येईल म्हणून मी वाट पाहिली. आलं नाही. बाबांनी डबी वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "पक्कड दे."

मी पक्कड दिली.

तिसऱ्या रविवारी दुपारी सगळं जोडून झालं. बाबांनी किल्ली फिरवली, पंप घरघरला, इंजिन सुरू झालं. मी एकेक बटण दाबून यादीवर खुणा केल्या. सगळं चालत होतं. हॉर्न आणि वायपर एका वेळी चालले हे तर मी लहानपणापासून प्रथमच पाहिलं. आम्ही कात्रजचा घाट चढून गेलो, पलीकडे एका कच्च्या रस्त्यावर बाबांनी मुद्दाम खड्ड्यांतून दामटली. एकदाही बंद पडली नाही. बाबा म्हणाले, "ठीक." मला वाटलं होतं, निदान बरं तरी वाटेल. तेही वाटलं नाही. नुसती भूक लागली होती.

जीप पुढच्या महिन्यात कात्रजच्या पुढे रोपवाटिका असलेल्या एका शेतकऱ्याने घेतली. गावातल्या बऱ्याच जणांनी जमिनी बिल्डरांना दिल्या होत्या, त्याने आपली जमीन राखली होती. त्याने बॉनेट उघडलं, नवा फ्यूज बॉक्स आणि झाकणाच्या आत चिकटवलेला बाबांचा नकाशा पाहिला. "साहेब, हे तर कंपनीपेक्षा भारी हाय. एवढं केलं आन् इकता कशापायी?"

"आता लागत नाही," बाबा म्हणाले.

त्याने आम्हाला दोन पिशव्या भरून कढीपत्त्याची आणि जास्वंदीची रोपं दिली आणि नाक्यावर सोडलं. बसमध्ये एकच जागा होती. बाबा बसले, पिशव्या त्यांच्या पायांशी ठेवल्या, मी दांडीला धरून उभी राहिले. थोड्या वेळाने बाबांची मान कलली. आई गेल्यापासून त्यांना असं झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. रात्री पाणी प्यायला उठले की त्यांच्या खोलीतून कूस बदलल्याचा आवाज यायचा.

आमचा स्टॉप आला. कंडक्टर माझ्याकडे पाहून म्हणाला, "उतरायचं होतं ना?"

"पुढे," मी म्हटलं.

त्याने बेल दिली. बस निघाली. बाबांचं तोंड किंचित उघडं होतं, एका हातात पिशवीचा बंद धरलेला. दोन स्टॉप पुढे ते आपणच जागे झाले, खिडकीबाहेर पाहिलं आणि दचकून उठले.

"अगं, उठवायचं नाही का?"

आम्ही उतरलो आणि एकेक पिशवी घेऊन चालत मागे आलो.