आमच्या मूळपुरुषाची बायको

आमच्या घरात पणजोबांची आरती ओवाळायचीच काय ती बाकी होती. खानापूरकडनं एकटा माणूस आला, कुऱ्हाड घेऊन जोयड्याच्या रानात शिरला, झाडोरा हटवून भाताची खाचरं केली, हेच ऐकत आम्ही मोठे झालो. पण नेमका कुठल्या गावचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की तो म्हणे एवढंच म्हणायचा, "मागचं मागं."

माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो, त्यांनी ऐंशी ओलांडल्यावर हट्टच धरला. "मरायच्या आधी मूळ गाव बघायचंय. भावकीत बसून एकदा जेवायचंय. आम्ही काय झाडाला लागलो हुतो व्हय?"

आता शोधायचं कोणी? मीच. माझं रामनगरात शिवणाचं दुकान आहे, बाजारादिवशी खानापूरकडच्या बायका येतात. झंपराचं माप घेता घेता प्रत्येकीला विचारायचे: आमचं आडनाव हे, लग्नात देवक कळंबाचं, तुमच्याकडं असलं घर आहे का? नवरा म्हणाला, हिला येड लागलंय. शेवटी एकजण म्हणाली, "हाय की, आमच्याच गल्लीत!"

नारळ आणि पेढे घेऊन आण्णा आणि मी गेलो. त्या घरातली सगळ्यात थोरली म्हणजे एक आत्या, आण्णांच्याच वयाची. आण्णांनी रान, कुऱ्हाड, खाचरं, सगळं रंगवून सांगितलं. आत्यांनी मान हलवत ऐकलं.

"आनि बायको कुठली केली त्यानं?"

"दिग्गीकडची. आमची आजी."

"बरं. आनि हितली?"

आण्णा माझ्याकडं बघायला लागले. मी भिंतीकडं.

हितली म्हणजे त्याची लग्नाची, नुकतीच नांदायला आलेली बायको. रानकामाला जातो म्हणून गेला, निरोप नाही, माणूस नाही. वाघानं खाल्ला, असं गाव म्हणालं. बारा वर्षं वाट बघितली आणि मग रीतीप्रमाणं दर्भाचा पुतळा करून जाळला, हिच्या बांगड्या फोडल्या. पुढं हिनं दिरांची पोरं वाढवली, नातवंडं वाढवली. त्यातलीच एक ही आत्या.

"दर म्हाळाला ती त्याचं पान ठेवायची," आत्या सांगत होत्या. "कावळा शिवायचा न्हाई. सांजपातूर उपाशी बसायची. म्हणायची, माझ्याच हातात काय तरी खोट हाय. मी परकरात असतानाच गेली बिचारी." मग एकदम आण्णांना विचारलं, "तुमचा आजा कवा गेला?"

आण्णांनी खोटं बोलावं, असं मला वाटलं, देवाशप्पथ! माझ्या जन्माआधीच गेला म्हणाले असते, तर कोण तपासणार होतं? भावकी मिळाली असती, पंगत मिळाली असती.

आण्णा खाली बघत म्हणाले, "माझ्या लग्नात अक्षता टाकल्या त्यानं."

आत्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! म्हंजे ती सवाष्ण गेली की गं! आनि आम्ही तिला पांढऱ्या कपाळानं न्हेली!"

त्या ढसाढसा रडल्या. आण्णांनी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. मला तर पणजोबाचा असा राग आला होता, की समोर असता तर कुऱ्हाड हिसकावून घेतली असती मेल्याची. आत्यांनी डोळे पुसले आणि आण्णांना उठवलं. "तुझं काय चुकलं, बाबा? पंगतीला घेतो तुला. पर पयलं ह्या पितरपाठात तिची नवमी तू घाल. सवाष्णीची."

त्या पितृपक्षात नवमीच्या आदल्या दिवशी आण्णा स्वतः रामनगरच्या बाजारात आले. बांगडीवालीसमोर उकिडवे बसले आणि हिरवा चुडा मागितला.

"माप?" तिनं विचारलं.

माप कुणाला ठाऊक? मी म्हटलं, आण्णा, म्हातारीच्या हाताचं घेऊया, सैलसर. त्यांनी मान हलवली.

"न्हाई," ते म्हणाले. "तो गेला तवा ती पोर हुती. चौदा-पंधरा वर्साच्या पोरीचं माप दे."