बर्फ किती जोतिबा लांब

आमच्या ग्रुपमध्ये बारसं असो की वास्तुशांत, जेवणं उरकून पान लावायला घेतलं की कोपऱ्यातून कुणीतरी हमखास ओरडतं, "लीडर, किती जोतिबा?" आणि सगळी पंगत हसते. लीडर म्हणजे मी. माणसाच्या हातून एकच चूक झाली तर लोक चार दिवसांत विसरतात. मी मात्र दरवर्षी मे महिन्यात नेमानं भर घालत गेलो, त्यामुळं साठा संपत नाही!

मंडळी अशी. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, हायस्कूलमध्ये भूगोलाचा मास्तर. बंडा माझा बालमित्र. तरुणपणी तालमीत घुमलेला, आता ग्रिलचं वर्कशॉप. कांबळे साहेब पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. शिवाय तिघांच्या बायका आणि पोरं. नव्वदचं दशक सरता सरता आम्ही हिमाचलात, कुलूच्या बाजूच्या एका दरीत 'फॅमिली ट्रेक'ला जायला लागलो. दरीच्या तोंडाशी गाव, तिथून नदीकाठानं तीन-चार तासांची पायवाट आणि वाटेच्या टोकाला बर्फ. माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'सहकुटुंब, अतिशय सोपे.' आम्हाला चार वर्षं लागली.

खरं तर हे सगळं सुनंदासाठी. सुनंदा म्हणजे आमची सौभाग्यवती. लग्न ठरलं तेव्हा तिनं एकच मागितलं होतं, "मला एकदा बर्फाला हात लावायचाय." मी छाती पुढं काढून म्हटलं, "दिला शब्द!" आणि लग्नानंतर तिला गगनबावड्याला नेलं. तिथं धुकं एवढं की शेजारचं माणूस दिसेना. मी म्हटलं, "बर्फात असंच दिसतं बघ." ती काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला बारा वर्षं बोचत होतं.

* * *

पहिल्या वर्षी जायच्या आधी मी महिनाभर सगळ्यांची प्रॅक्टिस घेतली. रोज पहाटे रंकाळ्याला दोन फेऱ्या. फेऱ्या झाल्या की भूक लागायची, म्हणून मिसळ. मिसळ तिखट, म्हणून वर दूध. महिन्याच्या शेवटी कांबळे साहेबांनी सगळ्यांची वजनं केली. प्रत्येकाचं दोन किलो वाढलेलं! बंडाचं चार.

"मास्तर," साहेब म्हणाले, "आणि एक महिना प्रॅक्टिस केली तर डोंगर आपल्याला घाबरंल."

* * *

गावात पोचल्यावर पहिल्या सकाळी मी शाळेतली शिट्टी काढली आणि हजेरीसाठी जोरात फुंकली. आमचं एकही माणूस तंबूतून बाहेर आलं नाही. समोरच्या शाळेतली तीस-चाळीस पोरं मात्र धावत बाहेर आली आणि माझ्यासमोर रांगेत उभी राहिली!

मागोमाग त्यांचे गुरुजी आले. मी खिशातून ओळखपत्र काढून त्यांना सांगितलं, "मैं भी मास्तर हूँ." गुरुजींनी पोरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तो फिर कवायद करवा दीजिए."

अर्धा तास कवायत घेतली. लीडर म्हणून माझं ऐकणारी ती पहिली आणि शेवटची तुकडी.

* * *

त्याच दिवशी आम्ही बर्फाकडं निघालो. गाइडला कितीही विचारलं तरी "बस, थोड़ा-सा" म्हणायचा. मग सगळे मला विचारायला लागले. मी हवेत बोट धरून, डोळे बारीक करून सांगितलं, "दीड जोतिबा." म्हणजे आपल्या जोतिबाच्या डोंगराच्या दीडपट चढ. कोल्हापूरच्या माणसाला फूट-मीटरपेक्षा हे लगेच समजतं.

तासाभरानं बंडानं विचारलं, "किती ऱ्हायला?"

"एक जोतिबा."

आणखी दोन तासांनी कांबळे साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "एकच जोतिबा." तेव्हा सुनंदा शांतपणे म्हणाली, "अवो, पर आपण जोतिबाला कवा चालत गेलोय?"

सगळे जागच्या जागी थांबले. खरंच की! आजवर आम्ही तिघेही कायम स्कूटरवरून गेलेलो. एक जोतिबा म्हणजे पायांना किती, हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. ते कळल्याबरोबर सगळे पुरुष एका देवदाराखाली आडवे झाले.

"तुमी पडा," बायका म्हणाल्या. "आमी पोरांस्नी घिऊन जरा पाय मोकळं करून येतो."

तीन तासांनी त्या परत आल्या. सगळ्यांचे बूट ओले होते. ओढ्यात पाय घातले असतील, असं मला वाटलं.

* * *

दुसऱ्या वर्षी बंडानं दहा किलो ज्वारीचं पीठ आणि भाकरीचा तवा आणला. त्याचं म्हणणं, भातावर डोंगर चढत नाही. शिवाय गावात बोकडाचं मटण मिळालं. "रस्सा वरपू आणि मग निघू की," बंडा म्हणाला. सकाळी आठला पातेलं चढवलं. कुकर घरी राहिला होता.

दहा वाजले, मटण चिवट. बारा वाजले, तसंच. मी लाकडं सारतोय, फुंकर घालतोय, धुरानं डोळे लाल. दोन वाजता कांबळे साहेबांनी एक तुकडा चावून परत ताटात ठेवला.

"मास्तर, उंचावर हवेचा दाब कमी असतो, पाणी लवकर उकळतं, अन्न शिजत न्हाय. हे तुमी पोरांस्नी शिकवता न्हवं?"

पंधरा वर्षं शिकवत होतो! परीक्षेला पाच मार्कांना विचारतही होतो.

बायका पोरांना घेऊन "वरच्या देवळात जाऊन येतो" म्हणून सकाळीच गेल्या होत्या. त्या चारला आल्या. तोवर मटण शिजलेलं नव्हतं, त्यामुळं देवळात एवढा वेळ काय केलं, हे विचारायचं तोंड आम्हाला नव्हतं.

* * *

त्या वर्षी एक भांडणही झालं. सुनंदानं घरून कांदा-लसूण चटणीच्या दोन बरण्या आणल्या होत्या. परतीच्या प्रवासात बघतो तर एक बरणीच गायब! मी थेट बंडावर आळ घेतला. बंडा उखडला.

"तालमीतल्या मारुतीची शपथ! बोटबी लावलं न्हाय!"

"मग काय बरणीला पाय फुटले?"

सुनंदा खिडकीबाहेर बघत होती. बंडा दिल्ली येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

* * *

तिसऱ्या वर्षी कुकर घेतला, जोतिबाही एकदा चालत चढून आलो. आता अडचण नव्हती. अर्धी वाट झकास गेलो. तिथं एका दगडावर एक गृहस्थ बसलेले दिसले, डोक्यावर पांढरी टोपी. बंडानं लांबूनच हाक मारली, "पावणं, कुठलं?"

"कागल!"

झालं! दहा हजार फुटांवर कागलचा पाहुणा भेटल्यावर पुढं कोण जातं? आधी गल्ली निघाली, मग भावकी निघाली. अडीच तास खोदकाम केल्यावर पाहुणे माझ्या चुलतसासऱ्यांच्या साडूचे मेहुणे निघाले! तोवर ऊन कलायला लागलं होतं. बायका मघाशीच "तुमी बसा बोलत, आमी फुडं हुतो" म्हणून गेल्या होत्या. त्या वरून उतरताना दिसल्या.

"वर कुठं गेलतासा?" बंडानं विचारलं.

"वर कुठलं? हितंच फुलं बघत हुतो," सुनंदा म्हणाली.

मी आमच्या रेवतीला विचारलं, "काय बघितलंस गं?" पोरीनं आईकडं बघितलं. "फुलं," ती म्हणाली. उन्हानं तिचं नाक टोमॅटोसारखं झालं होतं.

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. एक साधा शब्द, तोही मला पाळता येईना. सुनंदा म्हणाली, "असू दे. फुडल्या वर्षी."

* * *

चौथ्या वर्षी मी कुणाचंही ऐकलं नाही. मटण नाही, भाकरी नाही. वाटेत टोपी दिसली तरी मान वळवायची नाही, असं बंडाला बजावलं. पोरं वाट न विचारता पुढं पळत होती. दम लागून माझा जीव कंठाशी आला, पण दुपारी बाराच्या सुमारास शेवटचं वळण चढलो आणि समोर बर्फ! पांढराशुभ्र, पार डोंगराच्या खांद्यापर्यंत!

मी सुनंदाचा हात धरून तिला बर्फापाशी नेलं. ती वाकली, बर्फाला हात लावला आणि म्हणाली, "लई गार हाय वो!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू! मी सगळ्यांना गोळा करून छोटंसं भाषण केलं. शब्द, जिद्द, नेतृत्व वगैरे. कांबळे साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बंडानं मला खांद्यावर घेतलं.

बर्फाच्या कडेला ताडपत्रीखाली चहाची टपरी होती. टपरीवाल्या बाईनं आमचा गलबला ऐकून डोकं बाहेर काढलं. सुनंदाला बघून तिचा चेहरा फुलला.

"आ गईं दीदी! इस साल देर कर दी. वो लाल चटनी लाई हो न? पिछली वाली तो कब की ख़त्म हो गई!"

बंडानं मला हळूच खाली ठेवलं.

सुनंदानं पिशवीतून चटणीची बरणी काढून बाईच्या हातात दिली. मग पदरानं डोळे पुसत माझ्याकडं वळली.

"लीडर, च्या घेणार न्हवं? हिथला लई चांगला असतोय."