कोणावरही बंधनकारक नसलेला सल्ला

माहितीच्या अधिकाराचा कायदा नवा होता तेव्हा आमच्या नाशिकच्या कॉलेजात त्याची धास्ती परीक्षा विभागाने घेतली होती. सल्लागार समिती निर्धास्त होती. मी तिच्यात प्राध्यापकांचा प्रतिनिधी होतो. अध्यक्ष निवृत्त सरकारी अधिकारी, उद्योगक्षेत्राचे प्रतिनिधी म्हणून एक बेदाण्याचे व्यापारी आणि निमंत्रक स्वतः प्राचार्य. समितीची पद्धत सुटसुटीत होती. प्राचार्यांना जे करायचं असेल त्याचा सल्ला आधीच टाइप होऊन आमच्यापुढे यायचा, तो आम्ही प्राचार्यांना द्यायचो आणि प्राचार्य तो आदराने स्वीकारायचे. मग चिवडा यायचा.

अशाच एका बैठकीत आम्ही कला शाखेचे सकाळचे वर्ग बंद करण्याचा सल्ला दिला. लगेच फलकावर सूचना लागली, ‘सल्लागार समितीच्या सल्ल्यानुसार पुढील वर्षापासून सकाळचे वर्ग बंद.’

त्या वर्गात कळवणकडची एक मुलगी होती. इंदिरानगरात मावशीकडे राहायची आणि दुपारपासून औषधाच्या दुकानात काम करायची. दुपारचं कॉलेज धरलं तर नोकरी जाणार आणि नोकरी गेली तर शिक्षणच थांबणार. शेवटचं एक वर्ष उरलं होतं. तिने रीतसर अर्ज टाकला: समितीने हा सल्ला कोणत्या कारणांनी दिला ते कळावं.

अर्जासाठी तातडीची बैठक भरली. कारणं कोणालाच आठवेनात, त्यामुळे चर्चा तत्त्वावर गेली.

“कायदा कॉलेजला लागू आहे, समितीला नाही,” अध्यक्ष म्हणाले. “आपण काही सरकार नाही. आपण विचारवंत.”

“मी पण?” व्यापाऱ्यांनी विचारलं.

“तुम्हीसुद्धा.”

व्यापारी सावरून बसले.

“पण कॉलेज अनुदान घेतं,” मी म्हणालो, “आणि आपल्या सल्ल्याचा कागद कॉलेजच्याच कपाटात आहे. मग तो—”

“सर, तुम्ही मराठी शिकवता ना?” अध्यक्षांनी मला मध्येच तोडलं. “कायदा आमच्याकडे राहू द्या.”

अध्यक्षांची हयात नकार लिहिण्यात गेली होती. त्यांनी मजकूर सांगितला, ‘ही समिती केवळ सल्लागार स्वरूपाची असून तिला कोणताही निर्णय घेण्याचा अधिकार नाही. तिचा सल्ला कोणावरही बंधनकारक नाही. सबब माहिती देण्याचा प्रश्न उद्भवत नाही.’ ‘सबब’ म्हणताना त्यांनी डोळे मिटले होते. उत्तर तसंच्या तसं गेलं.

ते उत्तर घेऊन मुलगी प्राचार्यांच्या खोलीत आली. मी रजेच्या अर्जावर सही घ्यायला तिथेच बसलो होतो.

“सर, म्हणजे वर्ग समितीने बंद नाही केले?”

“छे! समिती कशी बंद करेल?”

“मग कोणी केले?”

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. ‘मी केले’ म्हणावं, तर पुढचा अर्ज त्यांच्या नावे येणार, आणि प्राचार्य कायद्याच्या बाहेर आहेत असं म्हणायची अध्यक्षांचीही छाती नव्हती. खरं कारण एवढंच होतं, की सकाळच्या पोरांच्या मोटारसायकली प्राचार्यांच्या बंगल्यासमोर लागत आणि त्यांची झोपमोड होई.

“अजून तसं काही ठरलेलं नाही, बाळ,” ते म्हणाले.

“मग फलकावरची सूचना काढू का, सर?”

“राहू दे. शिपाई काढतील.”

“नाय सर, मामांना कशाला त्रास. मी चाललेच आहे तिकडून.”

आणि गेलीसुद्धा.

पुढच्या बैठकीत अध्यक्ष फार दुखावलेले होते. “आपला सल्ला मानलाच जाणार नसेल, तर समिती हवी कशाला?” व्यापाऱ्यांनी त्यांची समजूत काढली. “साहेब, विचारवंतांना हे सोसावंच लागतं.”

जूनमध्ये सकाळचे वर्ग नेहमीसारखे सुरू झाले. पहिल्याच दिवशी मला उशीर झाला. धावतपळत पोचलो, तर ती पुढच्या बाकावर बसून डबा खात होती.

“या सर,” घाईने झाकण लावत ती म्हणाली. “आम्हाला वाटलं, पुन्हा कोणी सल्ला दिला की काय.”