चौथा संघ

कोल्हापुरात फुटबॉलवर मत नसलेला माणूस सापडणं कठीण. पानपट्टीवाल्यालाही सेंटर फॉरवर्ड कुणी खेळावं हे ठाऊक असतं, आणि तो ते न विचारता सांगतो. मी मात्र आयुष्यात एकदाही चेंडूला नीट लाथ मारलेली नव्हती. शहरातल्या एका कॉलेजात गणित शिकवत होतो. तरीही कॉलेजांच्या फुटबॉल स्पर्धेच्या समितीचा चिटणीस झालो, कारण मला बेरीज येते आणि शहरातले फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालमींपैकी मी कुठल्याच तालमीचा नाही, असा सगळ्यांचा समज होता. दोन्ही खरं होतं. मी मूळचा शिरोळकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, त्यामुळे पेठांच्या भांडणात माझं काही अडकलेलं नव्हतं.

स्पर्धेत आठ कॉलेजं होती. प्रत्येकानं चार सामने खेळायचे, आणि त्यातून चार संघ निवडून शेवटची फेरी कोल्हापुरात भरवायची. हे चार संघ निवडायचे कसे, यावर दरवर्षी रणकंदन व्हायचं. मी समितीत आलो तेव्हा निवड चर्चेनं होत असे. चर्चा म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचं कॉलेज आत. 'आमचा संघ हरला खरा, पण त्या दिवशी आमची तीन पोरं तालमीकडून मिरजेला खेळायला गेलती, तो आमचा खरा संघच न्हवता,' असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे मान हलवायचे. जिंकलेला संघ घ्यायचा की चांगला संघ घ्यायचा, हा प्रश्न त्या बैठकांत इतक्या वेळा ऐकला की मला त्याचा वीट आला.

म्हणून मी नियम लिहिला. जिंकल्यास दोन गुण, बरोबरीला एक. गुण सारखे झाले तर केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करायचे, ज्याचे जास्त उरतील तो पुढे. समोरचा संघ आलाच नाही तर हजर संघाला पुढे चाल मिळेल, गुण दोन, गोल शून्य. हा शेवटचा भाग मी मुद्दाम घातला. आदल्या वर्षी न खेळलेल्या सामन्याचे तीन गोल मागणारं एक कॉलेज निघालं होतं, आणि माझं डोकं फिरलं होतं. फळ्यावर हे सगळं मांडून दाखवलं तेव्हा समितीतले लोक गप्प झाले. मला फार बरं वाटलं. कागदावर माणसाचं तोंड दिसत नाही, हाच त्याचा मोठा गुण, असं मला तेव्हा वाटत असे.

माझा धाकटा भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, त्यामुळे त्याला पाटी हातात दिली ती मीच आणि इंग्रजीत नापास झाल्यावर कानाखाली वाजवली तीही मीच. तो गावाजवळच्या एका लहानशा कॉलेजात होता आणि तिथल्या संघाचा कप्तान होता. सेंटर हाफ खेळायचा. मला खेळातलं कळत नसलं तरी तो मैदानात असला की बाकीची पोरं शांतपणे खेळतात एवढं मला दिसायचं. इंग्रजीनं त्याला दोनदा खाली बसवलं होतं आणि वयाच्या अटीनुसार त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. त्या वर्षी शेवटच्या फेरीला एका सरकारी खात्याच्या संघाचे साहेब येणार होते. पोरं बघून दोघांना नोकरीत घेणार, असं नक्की झालं होतं. आमच्या आईनं त्या साहेबांना न बघताच त्यांच्या नावानं वाडीच्या दत्ताला साकडं घातलं होतं.

आणीबाणी उठल्यानंतरची ती वर्षं. त्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी लवकर उतरेना. भावाच्या संघाचा चौथा सामना आमच्या बाजूला, उंचावरच्या मैदानात होता, आणि समोरचा संघ सगळ्यांत कच्चा होता. सगळ्यांनी त्यांना धुऊन काढलं होतं. मी शनिवारी घरी गेलो होतो म्हणून बघायला गेलो. पंच आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. ते कोल्हापुरातले जुने पंच, धंद्यानं शिंपी, निम्म्या शहराच्या खेळाडूंचे शर्ट त्यांच्या मशीनवर शिवलेले. सगळे त्यांना चाचा म्हणत. समितीतही ते होते. भावाची पोरं चिखल तुडवत वेळेवर आली. समोरच्यांची गाडी मात्र रस्त्यावरच्या पाण्यामुळे पलीकडेच अडकली.

चाचांनी तासभर वाट पाहिली. मग पद्धतीप्रमाणे शिट्टी मारली. अशा वेळी हजर संघानं चेंडू मध्यावर ठेवायचा आणि रिकाम्या गोलात नेऊन टाकायचा, म्हणजे पुढे चाल पक्की होते. भाऊ एकटाच चेंडू घेऊन चालत गेला. जोरात मारला नाही, पायानं हळूच आत सारला. बाकीची पोरं हसत होती. तो परत येताना माझ्याकडे बघत होता, कारण हा गोल धरत नाहीत हे त्याला माहीत होतं आणि का धरत नाहीत हेही माहीत होतं.

सगळे सामने संपले तेव्हा तीन संघ सरळ आत गेले. चौथ्या जागेसाठी दोन संघांचे गुण सारखे झाले, एक शहरातलं मोठं कॉलेज आणि एक भावाचं. दोघांनी दोन दोन जिंकले होते, दोन दोन हरले होते. गोलांत शहरवाले एकानं पुढे होते. मी बेरीज तीनदा केली. एरवी मी दुसऱ्यांदा करत नाही.

बैठकीच्या आदल्या रविवारी भाऊ एसटीनं कोल्हापूरला आला. जेवला, ताट उचलून ठेवलं आणि मगच विषय काढला. त्यानं मेहेरबानी मागितली नाही, हे मला इथं लिहून ठेवलंच पाहिजे. नियम लावला तर आम्ही बाहेर, हे तो स्वतःच म्हणाला. मग म्हणाला, "पर दोघांची एक मॅच लावता येती न्हवं? हरलो तर हरलो." मी बघू म्हणालो. घरात बघू म्हणजे काय ते त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी तो बरं म्हणून सायंकाळच्या गाडीनं परत गेला.

बैठक आमच्या कॉलेजच्या जिमखान्याच्या खोलीत झाली. आम्ही पाच जण होतो. शहरातल्या दोन कॉलेजांचे क्रीडाशिक्षक, दोघं एकाच तालमीत वाढलेले. भावाच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक, ते फारसं बोलत नसत. चाचा, आणि मी. निर्णय हात वर करून व्हायचा. चिठ्ठ्या टाकायची सूचना पूर्वी एकदा आली होती, तेव्हा जे काय करायचं ते तोंडावर करा, असं म्हणून ती उडवून लावली गेली होती.

मी आकडे वाचून दाखवले. चाचांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "सर, पोरं तासभर पावसात हुबी हुती, मी बघितलंय. कागूद खेळत न्हाय. दोघांस्नी परवा सकाळी बोलवा, मी शिट्टी मारतो. दीड तासाचं काम हाय."

भावाच्या कॉलेजचे शिक्षक लगेच हो म्हणाले. शहरातल्या ज्या कॉलेजचा प्रश्न होता त्याचे शिक्षक नाही म्हणाले, आणि त्यांना त्याची अजिबात लाज वाटली नाही. माझं कॉलेज आहे, मी माझ्या पोरांच्या बाजूनं हात वर करणार, त्यात लपवायचं काय, असं त्यांनी हसत सांगितलं. त्यांचा तालमीतला दोस्त त्यांच्याबरोबर होता. दोन इकडे, दोन तिकडे. चौघं माझ्याकडे बघायला लागले.

माझा भाऊ त्या संघात आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी तसं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मी चिडलो असतो आणि चिडून कदाचित शहाणपणानं वागलो असतो. मला फक्त दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर काय बोललं जाईल ते ऐकू येत होतं. मास्तरनं भावासाठी मॅच लावली. एवढं एक वाक्य. मी म्हणालो, निकाल बघून नियम बदलायचा नसतो. वाक्य चांगलं होतं, वर्गात शोभण्यासारखं. मग मॅच नको म्हणणाऱ्यांसाठी हात वर करायची वेळ आली आणि माझा हात वर गेला. मला आठवतं, मी त्या हाताकडे बघितलं. मनगटावर खडूची भुकटी होती. बाकी काहीच वाटलं नाही. वाईट वाटेल म्हणून मी थोडा वेळ थांबलोसुद्धा, पण ते आलं नाही.

चाचा उठताना म्हणाले, "भाऊ कुणाचा हाय ते इसरून बोललात काय सर तुम्ही? का तेच ध्यानात ठिवून?" मी त्यांना इतिवृत्तावर सही करायला सांगितलं. त्यांनी केली.

भावाला ही बातमी त्याच्या शिक्षकांनी सांगितली. खरं तर मी लगेच जायला हवं होतं. परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत असं मी स्वतःला सांगत राहिलो आणि आठ दिवसांनी गेलो. तो गोठ्यात म्हशीखालचं शेण काढत होता. मी नियमाबद्दल बोलायला लागलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आईनं चहा ठेवलाय, गार व्हायच्या आत घे, म्हणाला. आई माझ्याशी नेहमीसारखीच वागली. तिला वाटत होतं की मी प्रयत्न केला असेल आणि बाकीच्यांनी ऐकलं नसेल. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

शहरातल्या त्या चौथ्या संघानंच चषक जिंकला. आधीच्या सामन्यांच्या वेळी तालमीकडून मिरजेला खेळायला गेलेली त्यांची पोरं तोवर परत आली होती आणि त्यांच्यापुढे कुणाचा टिकाव लागला नाही. निवड अगदी बरोबर झाली म्हणून लोकांनी माझा हात हातात घेऊन दाबला. साहेबांनी त्यांच्यातलेच दोघं उचलले. बक्षीस समारंभात मी व्यासपीठावर होतो. टाळ्या वाजवल्या असतील, कारण सगळेच वाजवत होते. त्या दिवसातलं मला नीटसं काही आठवत नाही. पुढचे कित्येक महिने असेच गेले. वर्गात जायचो, शिकवायचो, घरी यायचो. चूक केली असं वाटत नव्हतं आणि बरोबर केलं असंही वाटत नव्हतं.

पुढच्या वर्षी समितीत चाचांनी पुन्हा तोच विषय काढला. या वेळी वादात कुणाचा संघ नव्हता, त्यामुळे पाचच मिनिटांत ठरलं. गुण सारखे झाले की गोल मोजायचे नाहीत, दोघांची मॅच लावायची. तो नियम मीच सुवाच्य अक्षरात लिहिला. मी चिटणीस असेपर्यंत तो बदलला नाही, आणि त्याच्यावर कधी भांडण झालेलंही मी पाहिलं नाही.

भाऊ तोपर्यंत कबनूरला यंत्रमागावर लागला होता. आमच्या एका नातेवाइकाचे माग होते, तिथं शिकला आणि तिथंच राहिला. फुटबॉल सुटला. लग्न झालं. भेटायचो तेव्हा पावसाचं, आईच्या गुडघ्यांचं बोलायचो. तो माझ्याशी तुटून वागला असं म्हणता येणार नाही. दिवाळीला लुगडं आईला आणि धोतराचं पान मला, हे त्यानं एकदाही चुकवलं नाही.

ऐंशीनंतर दोनेक वर्षांनी त्याला मुलगी झाली. बारशाला मी कबनूरला गेलो. माग त्या दिवशी बंद होते, पण भाऊ सवयीनं मोठ्यानंच बोलत होता. मागांवर काम करणाऱ्यांचं तसं होतं. पाळण्यातलं नाव झालं, बायका आत गेल्या, आणि आम्ही दोघं बाहेर सोप्यात घुगऱ्या खात बसलो. का कोण जाणे, मला ते एकदा बोलून टाकावंसं वाटलं. इतक्या वर्षांत मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, त्या संघात दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर मी मॅच लावली असती.

त्याला आश्चर्य वाटलं नाही. खाताखाताच म्हणाला, "ते मला तवाच कळलं हुतं." मग घुगऱ्यांतला एक खडा वेचून बाजूला टाकला. "हरलोच असतो आम्ही, दादा. त्यांचा संघ भारी हुता, ती पोरं परत आल्यावर तर बोलायलाच नको. त्याचं काय न्हाय. पर त्या वर्षी रोज एकच मनात यायचं, मी तुझा भाऊ नसतो तर बरं झालं असतं."

आवाजात राग नव्हता. तो पावसाबद्दल बोलावं तसा बोलला, आणि मोठ्यानं, त्यामुळे आतल्या बायकांनीही ते ऐकलं असणार. मग त्यानं माझी ताटली रिकामी झालेली पाहिली, पातेलं ओढून आणखी दोन मुठी घुगऱ्या वाढल्या, आणि मी त्या सगळ्या खाल्ल्या.