मिस ओझेलांचा नसलेला धंदा

मिस ओझेला टिब्ज माझ्या खालच्या मजल्यावर राहायच्या. वय बासष्ट, आवाज चर्चमध्ये गाऊन कमावलेला. चार वर्षं त्या गादी होत्या. म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या टोलेडो शहरात, डॉर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, हकबीच्या गाद्यांच्या दुकानासमोर फोमच्या गादीचा पोशाख चढवून सेलचा फलक नाचवत उभ्या असायच्या. बर्फ असो की ऊन. गाड्या हॉर्न द्यायच्या, की त्या कमरेत वाकून सलाम करायच्या. गादीला कंबर नसते, पण त्यांना जमायचं.

एका सोमवारी हकबीने तिथे हवेवर डोलणारा लांबलचक लाल पुतळा आणून उभा केला.

"हा कॉफीची सुट्टी मागत नाही, ओझेला," तो म्हणाला.

"वीज गेली की आडवा पडेल मेला," असं सुनावून त्या घरी आल्या आणि बेकारी भत्त्याचा अर्ज केला.

उत्तर आलं तेव्हा पत्र हातात घेऊन जिना चढत माझ्याकडे आल्या. "ग्लेंडा, वाच बघू. दुसऱ्याच कुठल्या बाईचं दिसतंय."

पत्र त्यांचंच होतं. तुम्ही कुणाच्या नोकरीत नव्हता, तुम्ही स्वतंत्र कंत्राटदार, तुमचा स्वतःचा धंदा. म्हणून भत्त्याला अपात्र.

"माझा धंदा?" त्या खुर्चीत बसल्याच. "चार वर्षं माझा धंदा होता आणि मला कुणी बोललं नाही? अगं, मग मालकीणबाईंनी मला एकदा तरी पगारवाढ द्यायची!"

हसल्या, पण डोळे पुसले. पहिल्याच दिवशी हकबीने कसल्याशा कागदावर सही घेतली होती म्हणे. अंगात गादी, हात जेमतेम बाहेर; वाचणार कशा?

मी काचेच्या कारखान्यात वीस वर्षं युनियनचं काम केलेलं. म्हटलं, "कागद काय म्हणतो ते राहू द्या. तुमच्यावर हुकूम कोण सोडत होतं, ते बघतील. अपील करा. आणि निकाल लागेपर्यंत दर आठवड्याचा अर्ज भरत राहा, एकही चुकवू नका."

सुनावणी फोनवर होती. तरी मिस ओझेला चर्चला जायची रविवारची हॅट घालून स्वयंपाकघरात बसल्या; फोन स्पीकरवर, मी शेजारी.

"मॅडम, ती तिच्या मर्जीची मालकीण," पलीकडून हकबी लोण्यासारखं बोलत होता. "वाटेल तेव्हा यावं, वाटेल तसं नाचावं. मी चकार शब्द काढत नव्हतो."

अधिकारी बाईंनी मिस ओझेलांना विचारलं, "तुम्ही काम कसं करत होता?"

"शहरात माझ्यासारखी गादी झाली नाही, मॅडम."

हकबीला राहवेना. "चांगली गादी? ही? हजारदा सांगितलं, सिग्नलचा लाल दिवा लागला की दोन उड्या मार! फलक डाव्या हातात, टाटा उजव्याने! नऊ म्हणजे नऊ, नऊ वाजून चार मिनिटं नाही! एकदा स्वतःच्या जागी भाचीला पाठवलं, मी तिला गादीसकट हाकललं! आणि समोरच्या पिझ्झावाल्याचं काम घेतलंस तर याद राख, असं बजावलं होतं!"

"जरा हळू," बाई म्हणाल्या. "मी लिहून घेतेय."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपलं नीट ऐकून घेतंय, असं हकबीला वाटलं असावं. त्याने सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. मी टेबलक्लॉथचं टोक तोंडात कोंबलं.

"काही म्हणायचंय, मिस टिब्ज?" बाईंनी विचारलं.

"सगळं खरं आहे, मॅडम. फक्त उड्या मी तीन मारायचे. तिसरी माझ्याकडून."

तीन आठवड्यांनी निकाल आला. त्या हकबीच्या कर्मचारीच होत्या. राहिलेल्या सगळ्या आठवड्यांचा भत्ता मंजूर. मिस ओझेलांनी 'कर्मचारी' या शब्दावर बोट ठेवलं. "म्हणजे मी नोकरीलाच होते गं," एवढंच म्हणाल्या.

पुढे सरकारी माणसं हकबीच्या दुकानात चौकशीला गेली. गाद्या पोचवणारे दोघे ड्रायव्हरही कागदोपत्री 'स्वतःचा धंदा'वालेच निघाले. ते डोनट घेऊन अर्ज कसा भरायचा ते विचारायला आले. मिस ओझेलांनी त्यांना कॉफी पाजली आणि तासभर उलटतपासणी घेतली.

मे महिन्यात त्यांना शाळेच्या स्वयंपाकघरात काम लागलं. पहिलं पगारपत्रक त्यांनी अख्ख्या इमारतीला दाखवलं. नोकरदारासारखा पगारातून कर कापला गेला म्हणून इतकं हरखलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.